बारा बटणं, एक ‘ने’: बोलक्या फलकाच्या नोंदी

५ जानेवारी

वाचनालयाच्या बालविभागात २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, लावायचा फलक. बारा बटणं, एक स्पीकर. बटण दाबलं की एकेका भाषेतला ‘ने’ ऐकू येणार आणि त्या भाषेत त्याचा अर्थ काय ते खालच्या पट्टीवर वाचायला मिळणार. समितीने तीन हजार रुपये मंजूर केलेत. वायरिंग भाचा करणार, माणसं गाठून आवाज गोळा करायचे मी. असा फलक दुसऱ्या कुणाला करायचा असेल तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी.

पहिला विचार ‘मा’चा होता. चिनीत सूर बदलला की तोच ‘मा’ आई होतो, घोडा होतो, शिवी घालणं होतो. पण भाषेच्या गमतींवर बोलायला उभा राहिलेला प्रत्येक माणूस हेच उदाहरण देतो, आणि आमच्या मुलांच्या तोंडी सुटा ‘मा’ नाही. ‘ने’ मात्र घरातला. डबा ने, छत्री ने. शिवाय ‘रामाने’ मधलाही तोच. परदेशात गेला की कुठे ‘हो’ होतो, कुठे ‘नाही’, कुठे ‘काय?’. ठरलं.

८ जानेवारी

भाषांची यादी करताना पहिली चकमक. आमच्या समितीतले निवृत्त व्याकरणाचे सर रोमन अक्षरांत एन-ई लिहिलेलं दिसेल ते सगळं घ्या म्हणत होते. त्या हिशेबात फ्रेंच येते, चिनीही येते. पण फ्रेंचमधला तो नकार कानाला ‘नं’सारखा लागतो आणि बोलण्यात बहुतेक वेळा गळूनच पडतो. चिनीत वाक्याच्या शेवटी येणारा अव्ययही ‘नं’च्या जवळचा. फलक ऐकायचा आहे, वाचायचा नाही. तेव्हा नियम केला: कानाला ‘ने’ लागला तर आत, नाहीतर बाहेर. ऱ्हस्व-दीर्घ सोडून दिलं, कारण देवनागरीतल्या एका मात्रेत हे दोन्ही ‘ए’ तसेही एकत्रच राहतात.

सरांनी मान हलवली, पण “हा नियम तुमच्यावरच उलटेल” असं जाता जाता म्हणाले.

पक्की यादी: मराठी (दोन बटणं), हिंदी, गुजराती, पंजाबी, कन्नड, जपानी, कोरियन, ग्रीक, तुर्की, चेक, हंगेरियन.

१४ जानेवारी

उलटला.

संक्रांतीला घरी माणसं होती, म्हणून मराठीची दोन्ही बटणं उरकून टाकावीत म्हटलं. क्रियापद पहिल्याच फटक्यात मिळालं. शेजारच्या काकू पोरावर ओरडतात तशाच ओरडल्या, “डबा ने की रे!” फोन चालू होता, काम झालं.

प्रत्ययाचं मात्र जमेना. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य कागदावर लिहून एकेकाच्या हातात दिलं. समोर ‘रामाने’ लिहिलेलं असूनही प्रत्येकाच्या तोंडून आलं ते ‘रामानं’. मिरजेत ‘रामाने’ कोण बोलतं? मीही नाही बोलत. मुद्दाम ‘ने’ म्हणायला सांगितलं तर आवाज एकदम आकाशवाणीवर प्रादेशिक बातम्या लागल्यासारखा. माझ्याच नियमाने फ्रेंच आणि चिनी ज्या कारणासाठी बाहेर गेल्या, त्याच कारणासाठी मराठीचा ‘ने’ प्रत्यय बाहेर जायला हवा होता.

सरांना फोन केला. ते खूश. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी ‘रामानें’ असं अनुस्वार देऊन लिहीत, इथपासून सुरुवात करून त्यांनी तासभर घेतला. शेवटी तडजोड अशी: बटण ठेवायचं, पण वाक्य दोन आवाजांत. आधी सर स्वतः ‘रामाने आंबा खाल्ला’, लगेच काकू ‘रामानं आंबा खाल्ला’. पट्टीवर ‘लिहिताना ने, बोलताना नं’. पट्टी म्हणून ती सगळ्यात बरी झाली.

१९ जानेवारी

गुजराती, हिंदी, पंजाबी, कन्नड. चारही आवाज गावातच मिळाले, पण गाडी अडली ती इथेच.

हिंदीसाठी वाक्य घेतलं: ‘राम ने बुलाया’. म्हणजे रामाने बोलावलं. गुजरातीसाठी पेठेतल्या कापडवाल्या शेटजींकडे गेलो. त्यांनाही हेच वाक्य तुमच्या भाषेत म्हणा असं सांगितलं. ते म्हणाले, ‘रामे बोलाव्यो’. त्यात ‘ने’च नाही. ‘ने’ घालून म्हणा म्हटल्यावर म्हणाले, “रामने बोलाव्यो? म्हणा की, पण मग अर्थ उलटा होईल. मग रामला बोलावलं.”

म्हणजे हिंदीत ‘राम’ला ‘ने’ लागला की राम बोलावणारा, गुजरातीत लागला की राम बोलावलेला. अक्षरं तीच, आणि कर्त्याचं कर्म झालं. शेटजींना ही गोष्ट जन्मभर माहीत होती, कारण दुकानात दोन्ही भाषा चालतात. पण दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. गिऱ्हाईक थांबवून त्यांनी ती तीनदा म्हणून पाहिली. मग त्यांनी अजून एक दिला: ‘तमे आवशो ने?’, म्हणजे ‘तुम्ही याल ना?’. गुजराती बटणावर दोन्ही वाक्यं घेतली.

फलकावर अकारविल्हे लावल्यामुळे हिंदी आणि गुजरातीची बटणं लांब लांब होती, ती लगोलग आणली. यादी अकारविल्हे लावू नका, जिथे टक्कर होते ती बटणं शेजारी ठेवा. हरियाणवीत तर ‘मन्ने’ एकटाच ‘मी’ कर्ता असतानाही चालतो आणि ‘मला’ म्हणूनही. ते बटण फार हवं होतं, पण आवाज मिळाला नाही. हिंदीच्या पट्टीखाली एक ओळ टाकली.

पंजाबी आवाज हायवेवरच्या ढाब्यावर मिळाला. ‘मुंडे ने आख्या’, मुलाने म्हटलं, हा हिंदीसारखाच. पण ‘मुंडे आए ने’ मधला ‘ने’ वेगळा, तो ‘आहेत’: मुलगे आले आहेत. मागे ट्रकचा हॉर्न आहे. काढता आला असता, मुद्दाम ठेवला.

कन्नडला वेळच लागला नाही. ‘ओंदने तरगति’, पहिली इयत्ता. आपल्या ‘१ला’ मधल्या ‘ला’सारखा त्यांचा ‘ने’ आकड्याला चिकटतो. बेंगळुरूच्या चौकांत आणि क्रॉसच्या, म्हणजे आडव्या गल्ल्यांच्या, पाट्यांवर आकड्यामागे तोच दिसतो. फूलवाल्या मावशींनी एका दमात दहावीपर्यंत म्हणून दाखवलं, तिसरीपाशी कापलं.

एक बाजूची गोष्ट. मराठी माणूस हिंदीत ‘मैंने खाया’च्या जागी ‘मैं खाया’ म्हणतो म्हणून आपल्याला हसतात. कारण साधं आहे. मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागतच नाही. ‘मी खाल्लं’. रामाने खाल्लं तर ‘ने’, मी खाल्लं तर नाही. हे पट्टीवर बसत नव्हतं, म्हणून इथे.

२५ जानेवारी

पुतणी बर्लिनला शिकते. ग्रीक, तुर्की, चेक आणि हंगेरियन हे चारही आवाज तिने वसतिगृहात आणि वर्गात फिरून गोळा करून पाठवले. पहिल्या खेपेला सगळ्यांनी सुटा ‘ने’ म्हणून पाठवला होता. चार माणसं, चार ‘ने’, आणि ऐकून कोणता कुणाचा ते सांगता येईना. शिवाय सुटा शब्द म्हणताना माणूस पाढा म्हणतो तसा म्हणतो. होकारात होकार उरत नाही. परत पाठवायला लावले, वाक्यात.

ग्रीक: ‘ने, एर्खोमे’. हो, येतोय.
चेक: ‘ने, द्येकुयु’. नको, धन्यवाद.
तुर्की: ‘बु ने?’. हे काय?
हंगेरियन: ‘ने विद् एल!’. नेऊ नकोस!

हंगेरियनचं वाक्य पुतणीने शोधून काढलं आणि मी फोनवरच हसलो. काकूंच्या ‘डबा ने की’च्या शेजारी ‘ने विद् एल’. इकडे ‘ने’ म्हणजे घेऊन जा, तिकडे ‘ने’ म्हणजे नको, आणि बोलणं दोन्हीकडे नेण्याबद्दलच.

चेकचा ‘ने’ आणि आपला ‘न, ना, नाही’ एकाच जुन्या घराण्यातले, त्यामुळे त्यात नवल नाही. हंगेरियन त्या घराण्यातली नाही. ग्रीक मात्र घराण्यातली असून ‘हो’ म्हणते. ग्रीक मुलीने सांगितलं की त्यांच्या लिपीत हा शब्द ‘आ’ आणि ‘इ’ची अक्षरं जोडून लिहितात आणि प्राचीन काळी उच्चार ‘नाइ’ असा होता. म्हणजे तेव्हाचा ग्रीक होकार आपल्या ‘नाय’सारखा ऐकू आला असता! चेकांची तर आणखी एक तऱ्हा: बोलताना ते ‘नो’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ‘हं, हो’ म्हणायचं असतं. शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या पोरांचा गोंधळ उडेल म्हणून हे फलकावर घेतलं नाही.

२८ जानेवारी

जपानी आणि कोरियन पुण्याहून. जपानी शिकवणाऱ्या बाईंनी ‘ई तेंकी देस् ने’ पाठवलं: हवा छान आहे ना. त्यांच्या मते मराठी विद्यार्थ्यांना हा ‘ने’ शिकवावाच लागत नाही, ‘ना’च्या जागी ठेवा म्हटलं की झालं. आमचे शेटजी म्हणाले, “अमारो ने!” खरंच, ‘आवशो ने’ आणि ‘देस् ने’ एकच काम करतात. नातं काही नाही. ही दोन बटणं शेजारी.

कोरियनची अडचण निराळी. चाकणच्या बाजूला नोकरीला असलेल्या एका कोरियन गृहस्थांनी ‘ने, आल्गेस्सुम्निदा’ पाठवलं: हो, समजलं. ऐकलं तर स्पष्ट ‘दे’! पुन्हा मागवलं, पुन्हा ‘दे’. ते मात्र ‘ने’च म्हणतोय असं शपथेवर सांगत होते. जपानीच्या बाईंनी उलगडा केला. कोरियनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ‘न’ बऱ्याचदा नाकातून कमी येतो आणि परक्या कानाला ‘द’ लागतो. म्हणजे तिकडे ‘हो’, इकडे कानावर ‘दे’. आमचा विषय ‘ने’ म्हणजे घेऊन जा, आणि ऐकू येतंय ‘दे’!

कानाच्या नियमाने हे बटण बाहेर. पण ठेवलं. मराठी प्रत्ययाला सवलत दिली तर कोरियनलाही द्यावी लागते, आणि खरं सांगायचं तर हेच बटण सगळ्यात मजेदार आहे. पट्टी: ‘हो, समजलं. (तुम्हाला “दे” ऐकू आलं? पुन्हा ऐका.)’

३ फेब्रुवारी

वायरिंग. अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम टाकता येतो असा छोटा बोर्ड), मेमरी कार्डावरचे आवाज वाजवणारं, बाजारात मिळतं ते साधं एमपी३ मॉड्यूल, ३ वॉटचा स्पीकर. बटणाचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला, आतला पुलअप (बटण दाबलेलं नसताना पिन भरकटू न देणारा बोर्डातला रेझिस्टर) चालू. तारा सरळ जाव्यात म्हणून भाच्याने एका बाजूच्या ए० ते ए७ या पिना ओळीने आठ बटणांना दिल्या आणि उरलेली चार बटणं दुसऱ्या बाजूला. चालू केलं तर कुणी हात न लावता तुर्की ‘बु ने? बु ने?’ सुरू.

संध्याकाळ बटणं बदलण्यात गेली. रात्री भाच्याचा फोन: “मामा, बटणं चांगली आहेत. नॅनोच्या ए६ आणि ए७ला पुलअपच नाही, त्या पिना डिजिटल म्हणून चालतच नाहीत.” दोन तारा काढून डी६ आणि डी७ला लावल्या, तुर्की गप्प. मॉड्यूलच्या आरएक्सला, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या पिनला, जाणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर टाकल्यावर घूंऽऽ आवाजही कमी झाला.

९ फेब्रुवारी

या नोंदीसाठी तरी हे सगळं वाचा.

मॉड्यूल सुरू होताना आवाजाचा पहिला तुकडा खातं. आमच्या चार वाक्यांत पहिलंच अक्षर ‘न’, त्यामुळे ग्रीक मुलगी ‘ए, एर्खोमे’ म्हणू लागली. प्रत्येक फाइलच्या आधी अर्ध्या सेकंदाची शांतता जोडली. फाइली पुन्हा कार्डावर टाकल्या. वाजवून पाहिल्या, सगळीकडे ‘ने’ ऐकू आला, बंद करून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पुतणीला व्हिडिओ कॉलवर दाखवताना ती म्हणाली, “काका, ग्रीकच्या बटणावर चेक वाजतंय.” म्हणजे ‘हो’च्या पट्टीवर ‘नको, धन्यवाद’! तपासलं तर नऊ बटणांच्या फाइली हललेल्या. हे मॉड्यूल फाइलचं नाव बघत नाही, कार्डावर कोणती आधी कॉपी झाली ते बघतं. आपण बाराही फाइली एकदम निवडून टाकल्या की क्रम संगणकाच्या मर्जीवर जातो. तांत्रिक चूक साधी आहे. पण आम्हाला ती ऐकून कळली नाही, कारण जिकडेतिकडे ‘ने’, आणि पुढचे शब्द आमच्या डोक्यावरून जाणारे. दुसऱ्या कुठल्याही फलकावर ही चूक पहिल्या मिनिटात सापडली असती.

उपाय दोन. एक, कार्ड एफएटी३२मध्ये फॉरमॅट करून त्यावर ‘एमपी३’ नावाचा फोल्डर (नाव रोमन अक्षरांत), त्यात ०००१पासून चार आकडी नावं, आणि प्रोग्राममध्ये त्या फोल्डरमधून नावाने वाजवण्याची आज्ञा. दोन, प्रत्येक फाइलच्या आधी भाषेचं नाव मराठीत. ‘ग्रीक.’ मग वाक्य. भाच्याला हे बाळबोध वाटलं. असू दे. फलक पुढे दुसऱ्याच्या हातात जाणार, कार्ड कधीतरी बदललं जाणार, आणि तेव्हा कानाने तपासायला हीच एक खूण.

१२ फेब्रुवारी

छपाई. पट्टीवर मूळ लिपीही हवी होती. डीटीपीवाल्याच्या संगणकावर कोरियनच्या जागी रिकाम्या चौकटी, आणि आमचं युनिकोडमधलं मराठी त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये गेल्यावर वेलांट्या भलतीकडे. घरी नोटो घराण्यातले फॉन्ट घेऊन पान लावलं, सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून, पीडीएफ दिली. मग चाललं. ४५० रुपये, सनबोर्डवर चिकटवून.

१७ फेब्रुवारी

शेजारच्या शाळेतली पाचवीची मुलं बोलावली. पट्ट्यांवर मी जागा वाचवायला एकेक शब्द छापला होता: ग्रीक ‘हो’, चेक ‘नको’, तुर्की ‘काय’, जपानी ‘ना’.

पहिल्या मुलीने जपानीचं बटण दाबलं, वाचलं आणि मैत्रिणीला सांगितलं, “जपानीत नाही म्हणतात.” बरोबरच आहे. मराठीत ‘ना’ म्हणजे ‘छान आहे ना’ मधला ना, आणि ‘ना ना करतोय’ मधलाही ना. दुसऱ्यांच्या शब्दाचे किती अर्थ ते सांगायला मी असा शब्द निवडला, ज्याचे आपल्याकडेच दोन. तुर्कीच्या ‘काय’चंही तेच. काही मुलांना तो प्रश्न वाटला, काहींना ‘काय!’ असं आश्चर्य.

पंजाबीवर निराळाच दंगा. ‘मुंडे आए ने’ वाजलं आणि वर्गातल्या मुंडे आडनावाच्या मुलाकडे सगळे वळले. त्याने ते बटण सोडलंच नाही. हिंदी-गुजरातीची जोडी मात्र कुणी समजावून न सांगता चालली. एकाने दोन्ही ऐकून विचारलं, “मग रामला बोलावलं का रामानं बोलावलं?” सर तिथेच होते. त्यांनी त्याला खुर्चीत बसवून विभक्ती शिकवायला घेतली. मुलगा पाच मिनिटं टिकला.

पट्ट्या नव्याने छापायच्या. सुटा शब्द नाही, पूर्ण वाक्य, आणि त्यात ‘ने’च्या जागी आलेला मराठी शब्द लाल. ‘हवा छान आहे ना?’ ‘हे काय आहे?’ अजून ४५० रुपये. अक्षर लहान झालं, चालेल.

२८ फेब्रुवारी

काल लागला. कार्यक्रमात भाषणं लांबली, फलकापाशी गर्दी चहाच्या वेळी झाली. मोठ्या माणसांनी ग्रीकचं बटण जास्त दाबलं आणि बहुतेकांनी ‘ने म्हणजे हो कसं?’ असा वाद घातला. मुलांनी कोरियन दाबून ‘दे, दे’ केलं. ते बटण आजच सैल झालंय. स्वस्तातली बटणं घेतली त्याचा परिणाम.

हिशेब: नॅनो ३२०, मॉड्यूल १६०, कार्ड २८०, बारा बटणं ४२०, स्पीकर १३०, तारा-सोल्डर-रेझिस्टर १५०, प्लायचा तुकडा कापून भोकं पाडून ५००, छपाई दोन वेळची ९००. एकूण २,८६० रुपये. पट्ट्या छापायच्या आधी कागदावर हाताने लिहून मुलांना दाखवल्या असत्या तर ४५० वाचले असते, आणि त्यात चांगली बटणं आली असती.

फाइली आणि प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून ग्रंथपाल बाईंकडे ठेवलेत, मागेल त्याला मिळतील. फळीत तेरावं भोक पाडून घेतलंय, सध्या त्यावर चिकटपट्टी आहे. हरियाणवी बोलणारं कुणी ओळखीत असेल तर ‘मन्ने’ची दोन वाक्यं हवी आहेत: एक ‘मी’चं, एक ‘मला’चं. मागे ट्रक असला तरी चालेल.